तामसेकर सरांनी खाली आणलेला दगड

तामसेकर सरांबरोबर चालणं ही एक शिक्षा होती. काचीगुडा स्टेशनपासून आमचं घर सात मिनिटांवर आहे. सर सोबत असले की पाऊण तास धरून चालायचा. वाटेत जे काही दगडावर किंवा भिंतीवर कोरलेलं दिसेल, त्याच्यासमोर ते उभे राहत. मैलाचा दगड, एखाद्या कमानीवरची फरशी, बंद पडलेल्या पाणपोईवरची कुणाच्या तरी स्मरणार्थची चार ओळींची पाटी, काहीही. खांद्याला कापडी पिशवी असायची. तीत एक जुना टूथब्रश, पाण्याची बाटली आणि रंगारी पोपडे काढायला वापरतात तो पत्रा. पाटीवर इंग्लिश बोलायला शिकवणाऱ्या क्लासचं किंवा मूळव्याधीच्या दवाखान्याचं पोस्टर डकवलेलं असलं की सर ते भिजवत, खरवडत, पाटी ब्रशने घासत, मोठ्याने वाचत आणि मगच पुढे निघत. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला तर आपण विचारपूस न करता जात नाही, तसंच त्यांचं पाट्यांशी होतं. आम्ही मात्र उन्हात ताटकळत असायचो.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन इथे हैदराबादला आले त्याला वीस वर्षं झाली. माझा नवरा शेखर जामबागेतल्या एका मराठी शाळेत शिकला आणि तामसेकर सर त्याचे मराठीचे मास्तर. मी आले तेव्हा सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको गेलेली, मुलगी नांदेडला दिलेली. दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला येत. सुरुवातीच्याच एका गुरुवारी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"सूनबाई, स्टेशनच्या वळणावर पिंपळाखाली एक दगड आहे. त्यावर काय लिहिलंय?"

"बघितला नाही, सर."

"येऊन किती दिवस झाले?"

"चार महिने."

"चार महिने," ते म्हणाले आणि कपाकडे बघत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पन्नासाव्या वहीत तीच चूक दिसल्यावर मास्तरांचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे जाऊन तो दगड वाचून आले. पाच-सहा मैलांवरच्या एका गावाचं नाव होतं, बस्स. पुढच्या गुरुवारी तसं सांगितलं तर सरांना कोण आनंद झाला!

"हौ! आता बघा, ते गाव कुठं राहिलं? शहरानं गिळलं. तुम्ही मंडईत जाऊ लागलेत ना, त्याच गावात जाऊ लागलेत. हे कोण सांगितलं तुम्हाला? दगड सांगितला."

त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. जुन्या हैदराबाद संस्थानातलं मराठवाडी बोलणं, वरून दखनीची फोडणी. माझ्या पुणेरी कानांनी त्याची थट्टा केली आणि दोन-तीन वर्षांत मीच भाजीवाल्याशी बोलता बोलता घरात "नक्को" म्हणायला लागले. माझी मुलगी तर त्याच्याही पुढची. मराठी अक्षरं ती अजून बोट ठेवून वाचते आणि दुसऱ्या ओळीला कंटाळते. सर तिला पाट्या वाचायला लावत. ती पळून जात असे. सर पिशवी उचलून "बरं, पुढच्या गुरुवारी" म्हणत. ते पुढच्या गुरुवारी यायचे, आणि ती पुन्हा पळायची.

सरांनी आयुष्यात एकच मोठं काम केलं, असं सगळे मानत. ते काम म्हणजे पुराचा दगड खाली आणणं. शेखर हा प्रसंग इतक्या वेळा सांगतो की तो मी स्वतः पाहिलाय असं आता मला वाटतं. चादरघाटाच्या बाजूला नदीकडे उतरणारी एक गल्ली आहे. तिथे धान्याचं एक जुनं गोदाम होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मुसी नदीला महापूर आला, माणसं वाहून गेली, त्याच्या आठवणीचा एक काळा दगड त्या गोदामाच्या भिंतीत बसवलेला होता, पण खूप उंचावर. वर धूर आणि जळमटं. सर वर्गाला घेऊन गेले की मुलं माना वर करून बघत आणि त्यांना काही दिसत नसे. हे सरांना सहन होईना. वाचता येत नाही असा दगड काय कामाचा? दोन वर्षं त्यांनी अर्ज केले, गोदामाच्या मालकाच्या हातापाया पडले आणि एक दिवस मेस्त्री आणून तो दगड काढला आणि बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतका खाली बसवला. त्या दिवशी अख्खा वर्ग तिथे होता. मुलांनी अक्षरांवरून बोटं फिरवली. मजकूर उर्दूत, मेलेल्यांसाठी दुवा मागणारा. सर स्वतः लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी तो वाचून मराठीत सांगितला, पेढे वाटले. इथल्या एका मराठी मंडळाने त्यांचा सत्कार केला, शाल दिली. इतिहास सामान्य माणसाच्या हाताशी आणला, असं कुणी तरी भाषणात म्हणालं. ते वाक्य शेखरला अजून पाठ आहे.

त्यानंतर गोदाम पाडलं गेलं आणि तिथे फरश्यांचं शोरूम झालं. पण नवा मालक भला. त्याने कुंपणाच्या भिंतीत तो दगड होता त्याच उंचीवर पुन्हा बसवून घेतला. सर महिन्यातून एकदा जाऊन तो धुऊन येत.

मग काही वर्षांपूर्वी तो पाऊस झाला. एका रात्रीत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी सर सकाळीच दारात उभे. "मस्तान भाईकडे जाऊन येऊ. स्कूटीवर सोडता का?" मस्तान भाई हे सरांचे शिंपी. दगडाच्या अगदी समोर त्यांचं दुकान. लग्नाच्या शेरवान्या शिवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

गल्लीभर गाद्या वाळत घातल्या होत्या. चिखलाचा तो वास मला अजून आठवतो. मस्तान भाईंनी दुकानासमोर दोरी बांधून शेरवान्या टांगल्या होत्या. एकीचा रंग दुसरीत उतरलेला, जरीचं काम काळं पडलेलं. सरांना बघून ते उठले.

"आओ सर. देखो क्या हाल हुआ."

"कपड़े ऊपर कायको नहीं रखे?"

"ऊपरीच रखा था ना सर. तुम्हारा पत्थर देख के तख्ता ठोका मैं. नीचे लकीर है ना, पानी की? पुराने जमाने का इत्ता बड़ा पानी भी वहीं तक आया, तो मैं बोला, उसके ऊपर एक बित्ता छोड़ दो, बस है. अब ये पानी उससे भी बड़ा निकला तो कोई क्या करता?"

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. उलट ते सरांनाच धीर देत होते. बाजूच्या पानवाल्यानेही मान डोलावली. पणजोबांच्या काळापेक्षा मोठं पाणी आपण पाहिलं, याचा गल्लीला जरासा अभिमानच वाटत होता.

सर रस्ता ओलांडून दगडाजवळ गेले. मजकुराच्या खाली एक आडवी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, अक्षरांपेक्षा खोल. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. परतताना त्यांनी एकदाही माझ्या पाठीवर बोटं मारून "थांबवा" म्हटलं नाही. वाटेत चार तरी पाट्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "ती रेघ नक्षीची नव्हती, सूनबाई."

मला आधी कळेना.

"मी ती समासाची रेघ समजलो. मजकूर संपला म्हणून खाली ओढलेली. ती पाण्याची खूण होती. दगड तिथं वर कायको बसवला होता? पाणी तिथवर चढलं म्हणून. आणि मी तो उचलून खाली आणला. पोरांना वाचता यावा म्हणून!" त्यांनी पेला खाली ठेवला. "भाषेचा मास्तर ना मी. दगडावर लिहिलंय तेवढंच दगडाचं म्हणणं, असं वाटलं मला."

मी त्यांची समजूत काढायला लागले. तुम्ही चांगल्या हेतूने केलंत, तुम्हाला काय माहीत, वगैरे. असल्या वेळी आपण जे बोलतो ते सगळं बोलून झालं. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"झालं ते झालं. पण हे लोक आता काय समजू लागलेत? की यंदा सगळ्यात मोठं पाणी येऊन गेलं. याच्यावर येत नाही. पुढच्या वेळी या मापावर भरोसा ठेवून झोपतील. म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत. दगड वर गेला पाहिजे."

दगड वर गेला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. मला आधी वाटलं, सोपं काम आहे, आठवड्यात होईल. पण वर म्हणजे किती वर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी दगड काढताना माप घेतलं नव्हतं. माप घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गोदामाची भिंत उरलेली नव्हती. ज्या मेस्त्रीने दगड काढला तो वारला होता. त्याचा मुलगा म्हणाला, बाप घरी येऊन कामाचं काही सांगत नसे. सत्काराचा फोटो सापडला, त्यात दगड खाली आलेला, शाल पांघरलेले सर हसतायत.

मग जुन्या विद्यार्थ्यांना फोन सुरू झाले. ते काम माझ्याकडे आलं, कारण सरांना ऐकू कमी येत होतं. एक पुण्यात, एक अमेरिकेत, दोघं इथेच सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात. एक म्हणाला, दगड दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर होता. दुसरा म्हणाला, छे, सरांची छडी जवळजवळ टेकायची. अमेरिकेतल्याने अर्धा तास फक्त पेढ्यांची आठवण काढली. शेखर छातीठोकपणे एक उंची सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच छातीठोकपणे दुसरी. बारा वर्षांच्या मुलाला सगळंच उंच दिसतं. सर प्रत्येक उत्तर कागदावर लिहून घेत. शेवटी तो कागद त्यांनी चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला आणि पुन्हा उघडला नाही.

एका सरकारी कचेरीतही जाऊन आलो. तिथली बाई तरुण होती, अदबीने बोलली. सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाली, "पण सर, इतक्या वर बसवला तर वाचणार कोण?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. हाच प्रश्न त्यांनी स्वतः तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी कचेरीत विचारला असणार. बाहेर पडल्यावर जिन्यात ते बसले. मला म्हणाले, "हुशार पोरगी आहे. माझीच विद्यार्थिनी शोभली असती." त्यात थट्टा किती आणि थकवा किती, मला सांगता येणार नाही. मीही थकले होते. ऑफिसचं काम, मुलीची परीक्षा, आणि वर हा दगड. त्या दिवशी घरी येऊन मी शेखरवर चिडले की तुझे सर आहेत, तू बघ. मग गुरुवार आला आणि मीच चहा टाकला.

हिवाळ्यात शोरूमच्या मालकाने परवानगी दिली. म्हणाला, माझ्या बोर्डाला झाकू नका, बाकी कुठेही लावा. नरसिम्हा नावाचा मेस्त्री आला. त्याने दगड सुटा केला, शिडी लावली, दगड दोरीने वर घेतला आणि शोरूमच्या भिंतीला टेकवून विचारलं, "एंत एत्तु, सर?" किती उंच? सर खाली उभे राहून वर बघत होते. डोक्याला मफलर, हातात काठी. नरसिम्हाने दगड थोडा वर सरकवला, पुन्हा विचारलं. रस्त्यावरून एक बस गेली. सर म्हणाले, "हा रस्ताही तेव्हापासून किती वर आला असेल. डांबरावर डांबर." ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. नरसिम्हाचे हात भरून आले असणार. त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"खाली आण," सर म्हणाले. "होता तिथंच लाव."

मी म्हटलं, "अंदाजाने लावू ना, सर. निदान आत्तापेक्षा खरं."

"एकदा अंदाजानं लावलाच की मी. पुन्हा खोटं कायको लावायचं?"

दगड जुन्या जागी गेला. नरसिम्हाकडे पांढरा रंग होता. सरांनी एक ब्रश मागून घेतला, प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि दगडाशेजारी भिंतीवर उर्दूत लिहायला लागले. अक्षर सुरेख उमटत होतं. हा दगड मूळ जागेवर नाही. पाणी याच्या वर होतं. किती वर, ते माहीत नाही. दगड खाली मी आणला. त्याखाली आपलं पूर्ण नाव, विनायक गोविंद तामसेकर. तेच नरसिम्हाकडून तेलुगूत लिहून घेतलं. मी विचारलं, "मराठीत नाही लिहायचं?" जन्मभर मराठी शिकवलेला माणूस म्हणाला, "या गल्लीत मराठी वाचणारा मी एकटाच. मला तर माहीतच आहे."

ती भिंत पुढल्या दसऱ्याला रंगवली गेली. मालकाचा दोष नाही. रंगाऱ्याने दगड तेवढा सोडला आणि बाकी भिंतीवर हात फिरवला. सरांना ते बघावं लागलं नाही. लिहून झाल्यावर पंधरा दिवसांत, नांदेडला मुलीकडे, झोपेतच ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भिंतीवर लिहिलं त्याच दुपारी. लिहून झाल्यावर मला वाटलं, आता घरी जायचं. मला तीन वाजता ऑफिसचा कॉल होता. सर मात्र काठी टेकत रस्ता ओलांडायला लागले.

"मस्तान भाई वाचतील की, सर. समोरच तर आहेत."

"माझी चूक त्यांनी भिंतीवर वाचावी, हे बरोबर दिसत नाही. तोंडानं सांगायला पाहिजे."

मस्तान भाई मशीनवर होते. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, न अडखळता, वर्गात धडा सांगावा तसं. ती लकीर खरीच आहे, पण जागा खोटी आहे. मैंच नीचे लाया. तुम्हारे कपड़े मेरी वजह से गए. मस्तान भाईंचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला होता. त्यांनी एकदा समोरच्या दगडाकडे पाहिलं, एकदा आपल्या तख्त्याकडे, कपडे ठेवायच्या फळीकडे. पावसानंतर तो त्यांनी आणखी एक वीत वर चढवला होता आणि त्यावर पुन्हा शेरवान्यांची बोचकी रचली होती.

"तो असल में पानी कित्ता ऊपर आया था, सर?"

सरांनी वर, तख्त्याकडे बघितलं.

"मालूम नहीं, मस्तान भाई," ते म्हणाले. "मालूम नहीं."

मला वाटलं, मस्तान भाई आता काही तरी बोलतील. रागावतील, किंवा ऊपरवाले की मर्जी म्हणतील. ते उठले. त्यांनी तख्त्यावरची बोचकी एकेक करून खाली काढली, कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. छताशी एक माळा होता, जुन्या खोक्यांनी भरलेला. ती खोकी त्यांनी एका बाजूला ढकलली. सरांनी काठी मशीनला टेकवली आणि पहिलं बोचकं दोन्ही हातांनी उचलून वर दिलं.

मी म्हटलं, "सर, मी निघते, कॉल आहे." त्यांना ऐकू गेलं नाही. स्कूटी वळवताना मी मागे पाहिलं. सरांचे दोन्ही हात वर होते, मफलर सुटून पाठीवर आला होता. बोचकं घेऊन वाकलेले मस्तान भाई विचारत होते, "यहाँ बस है, सर?"

आणि सर म्हणत होते, "और ऊपर. और ऊपर."